साहेब नाहीत, उद्या या

आत्या,

आज सकाळी मी कॉलेजात टीसी मागायला गेले होते. मला सांगण्यात आलं की साहेब नाहीत, उद्या या. साहेब आत होते. पडद्याआडून त्यांचा आवाज मला स्वच्छ ऐकू येत होता, कूलरच्या दुरुस्तीवरून ते फोनवर कुणाला तरी झापत होते. त्यांची पांढरी गाडीही बाहेर कडुलिंबाखाली उभी होती. मी वाद घातला नाही. 'ठीक है मॅडम' म्हटलं आणि स्कूटी काढून घरी आले. आता दुपारचे अडीच वाजलेत, मी तुझ्या खाटेवर बसले आहे आणि तुला हे लिहिते आहे, पण त्याचं कारण साहेब नाहीत. ते सांगते, पण क्रमाने. तूच म्हणायचीस की अर्ज क्रमाने लिहावा, नाही तर वाचणारा मधेच कंटाळतो आणि न वाचता सही करतो.

तुझी तेरवी रविवारी झाली. पाहुणे गेले, बाबा आजपासून पुन्हा स्टील प्लांटमध्ये जाऊ लागले, आईने तुझ्या साड्या धुऊन घड्या करून ठेवल्या. ज्याला त्याला आपापलं काम मिळालं. मला तेवढी शनिवारची तारीख मिळाली आहे.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी मला ते एकदा मांडू दे, कारण पंधरा दिवस ते डोक्यात नुसतं गरगरतंय. आमच्या कॉलेजातला मायक्रोबायोलॉजीचा वर्ग बंद होणार, कारण आम्ही सगळ्या मिळून सहाच जणी उरलो. पहिलं वर्ष झालेल्या मुलींनी एक तर बॉटनी घ्यावी, नाही तर दुसरीकडे जागा शोधावी. चौघींनी मुकाट्याने बॉटनी घेतली. मी नागपूरला आणि रायपूरला अर्ज केला. नागपूरने जागा दिली, पण मूळ टीसी आणि मायग्रेशन शनिवारी पाचच्या आत तिथे पोचायला हवं. रायपूरची यादी सोमवारी लागणार. टीसी एकदा काढली की भिलाईतलं माझं नाव कटलं, मग बॉटनीसुद्धा नाही. म्हणजे नागपूर धरायचं तर रायपूरची वाट पाहायची नाही, आणि रायपूरची वाट पाहायची तर नागपूर सोडायचं. चुकले तर एक वर्ष गेलं. एवढंच आहे, आत्या. पण या एवढ्यासाठी मी महिनाभर धड जेवलेली नाही. तू म्हणायचीस, "तुझ्या पोटात बाराही महिने परीक्षाच असते वं."

घरात दोन पक्ष होते. बाबा रायपूरचे. सकाळी भिलाईच्या पॉवर हाऊस स्टेशनवरून गाडी पकडायची, संध्याकाळी परत, पोरगी रात्री घरात. तू नागपूरची. आई म्हणाली, जिथे हिला वेळेवर डबा मिळेल तिथे पाठवा, आणि दोन्ही पक्षांनी तिच्याकडे दुर्लक्ष केलं.

नागपूरचं नाव निघालं की तुझा चेहरा बदलायचा. आपलं गाव खरं तर वर्ध्याच्या पुढे, तेही आबांच्या आबांचं. नागपुरात आपलं कुणी राहिलेलं नाही. तू फक्त दीड वर्ष होस्टेलवर राहिलीस. तरी आपल्या घरात 'आपलं नागपूर' असंच म्हणतात. मागच्या लग्नात तिकडच्या मुली माझी मराठी ऐकून तोंडावर ओढणी धरून हसत होत्या. मी वैतागून हिंदीत बोलायला लागले तर म्हणाल्या, आता बरोबर बोललीस. मी हे घरी आल्यावर सांगितलं, तेव्हा तू म्हणालीस, "हसू दे. आपलीच हायेत." भिलाईत वैशाली नगरात घर बांधून पंचवीस वर्षं झाली, तरी आपण नागपूरकडे माहेर असल्यासारखं पाहतो. नागपूर आपल्याला नाही म्हणेल, हे कुणाच्या मनातच आलं नाही. माझ्याही नाही.

आता तुझ्या खिडकीबद्दल.

दुर्गच्या कॉलेजात चौतीस वर्षं तू दाखल्यांच्या खिडकीत बसलीस. शाळेला सुट्टी असली की मी तुझ्याबरोबर यायचे आणि मागच्या स्टुलावर बसून शिक्के मारायचे. तेव्हापासून मी तुझं ते नाटक पाहत आले. कुणी टीसी मागायला आलं की तू अर्ज घ्यायचीस, चष्म्यातून वर बघायचीस आणि म्हणायचीस, "साहब नइ हे, काली आबे." उद्या ये. खेड्यातला असला तर असं छत्तीसगढीत, शहरातला असला तर हिंदीत, मराठी आडनाव दिसलं तर "साहेब नाहीत, उद्या येजो." साहेब चार हातांवर चहा पीत बसलेले असायचे. त्यांनाही हे माहीत होतं. एकदा एका मुलीला तू असं सांगत असताना ते स्वतःच बाहेर आले, तुला पाहिलं, आणि जिभेचा शेंडा चावून परत आत गेले.

दुसऱ्या दिवशी निम्मे लोक यायचेच नाहीत. काही येऊन अर्ज परत मागायचे. मैत्रिणीशी भांडून कॉलेज सोडायला निघालेली पाटणकडची ती मुलगी दुसऱ्या दिवशी त्याच मैत्रिणीला घेऊन आली, आणि दोघी खिडकीत उभ्या राहून खी खी करत होत्या. अर्ज तू आवक रजिस्टरमध्ये चढवलेलाच नसायचा. ड्रॉवरमधून काढून हातात द्यायचीस आणि म्हणायचीस, जा, घंटा झाली.

आपलं यावर भांडण व्हायचं. मी म्हणायचे, लोकांच्या वेळेशी खेळायचा तुला काय अधिकार? एखाद्याची शेवटची तारीख असली तर? तू म्हणायचीस, "ज्याची आखरी तारीख असते त्याचा चेहराच येगळा असते. त्याले मी त्याच दिवशी देते." मी म्हणायचे, आणि चेहरा वाचायला चुकलीस तर? यावर तू चष्मा पुसायला घ्यायचीस, कारण एकदा चुकली होतीस. एका पेपरात नापास झालेला एक जण रसमड्याच्या कारखान्यात लागतो म्हणून टीसी मागायला आला, तू त्याला उद्या ये म्हटलंस, आणि तो पुन्हा आलाच नाही. ना टीसीसाठी, ना वर्गात. तुझ्या निवृत्तीच्या दिवशी ड्रॉवर रिकामा केला तेव्हा त्याचा अर्ज निघाला. तो तू फाडला नाहीस, नवीन बाईंच्या हवाली केलास. म्हणालीस, आला तर द्या.

हे का करायचीस, ते तू कधी धड सांगितलं नाहीस. मला माहीत होतं ते एवढंच, आणि तेही मटार सोलता सोलता दोन वाक्यांत सांगितलेलं. तू नागपूरला दुसऱ्या वर्षाला होतीस, स्टॅटिस्टिक्स शिकत होतीस. वडिलांना, म्हणजे आबांना, अर्धांगाचा झटका आला म्हणून टीसी काढून घरी आलीस, इथे तो विषयच नव्हता, मग बी.ए.च्या पहिल्या वर्षापासून सुरुवात. मी विचारलं, परत का नाही गेलीस? तू म्हणालीस, "जागा भरली ना," आणि मटारातली अळी वेचून बाहेर टाकलीस.

माझी फाईल तूच केलीस. कॅम्प-१ च्या बाजारातून निळी फाईल आणलीस, लाल दोरीची. तुला प्लास्टिकच्या फाइली आवडत नसत, कागद घामेजतात म्हणायचीस. त्यात माझ्या दहावीपासूनच्या गुणपत्रिका, प्रत्येकीच्या तीन झेरॉक्स, सगळं वर्षानुसार लावलेलं. नागपूरच्या ऑफिसात मी फोन केला होता. विचारलं, आमच्या पहिल्या वर्षाचे पेपर तुमच्याकडे धरले जातील ना? पलीकडचे सद्गृहस्थ म्हणाले, "होऊन जाते, तुम्ही या." मी आनंदाने तुला सांगायला धावले. तू नाक मुरडलंस. "फोनवर कोणताबी क्लार्क हो म्हणते. फोन ठेवाची घाई असते त्याले. खिडकीसमोर जाऊन उभं राहा, मग तो रजिस्टर उघडते."

मी म्हणाले, चार तासांच्या प्रवासाला कोण जाईल एवढ्यासाठी.

मग तो सोमवार. सकाळी मी उठले तेव्हा तू निघून गेली होतीस. आईने सांगितलं, दुर्गला शोभाताईंकडे सत्यनारायण आहे, दिवसभर तिकडेच. अकरा वाजता नागपूरहून जागा मिळाल्याचा निरोप आला. मला तेव्हा तू हवी होतीस. तुझा फोन बंद. मी दिवसभर या खोलीतून त्या खोलीत फिरले, गॅसची कळ तीनदा तपासली, शनिवार आणि सोमवार बोटांवर मोजत राहिले. तू आलीस तेव्हा आठ वाजत आले होते. पायांवर सूज होती. तू काळी पर्स खिळ्याला अडकवलीस आणि पाण्याचा तांब्याही हातात घेतला नव्हतास, तोच मी सुरू झाले.

काय काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं. आठवायला नको असतं, तेव्हाही आठवतं. मी म्हणाले, तुला सत्यनारायण महत्त्वाचा. म्हणाले, दोन महिने नागपूर नागपूर करून माझं डोकं फिरवलंस आणि निरोप आला त्या दिवशी तू गायब. आणि मग, "तुझं नागपूर सुटलं म्हणून मला तिकडे पाठवते आहेस. ते तुझं कॉलेज आहे आत्या, माझं नाही. तुला परत जायचंय आणि तुझ्याऐवजी मी जाऊ?"

आई स्वयंपाकघरातून "गौरी" म्हणून ओरडली. तू खाटेवर बसलीस. रागावली नाहीस. रागावायला हवं होतंस, मला मग रडता आलं असतं. तू चष्मा काढून पुसलास आणि म्हणालीस, "उद्या बोलू. आज मले थकवा आहे."

मला वाटलं, हिने मलाही खिडकीतलं उत्तर दिलं.

मंगळवारी सकाळी तू चहा ठेवलास, आलं किसलंस, आणि ओट्याला धरून खाली बसलीस. बाबांनी तुला उचललं तेव्हा किसणी तुझ्या हातात होती. हॉस्पिटलात पोचेपर्यंत तू गेली होतीस. चहा उकळून उकळून भांडं काळं झालं. ते भांडं आई घासत नाही आणि टाकतही नाही.

त्यानंतरचे दिवस मी माझ्या त्या वाक्याभोवती घालवले. बायका येऊन म्हणायच्या, तुझ्यावर फार जीव होता तिचा, आणि मी मान हलवायचे. त्यातच फोनवर शनिवारची आठवण यायची. तू गेलीस आणि मला तारखेची काळजी वाटते, याची लाज वाटायची. लाज वाटून झाली की पुन्हा तारखेची काळजी. शेवटी काल मी ठरवलं. तुला शेवटचं जे बोलले त्याची भरपाई म्हणून नागपूरला जायचं. तुझी इच्छा पुरी करायची. बाबांनी रायपूरचं नाव काढलं नाही. तुझं नाव घेतलं की सध्या या घरात कुणी वाद घालत नाही.

म्हणून आज सकाळी गेले. खिडकीत साहू मॅडम. त्या दुर्गला तुझ्या हाताखाली सात वर्षं होत्या, हे मला ठाऊक होतं, पण त्यांच्याशी कधी बोलणं झालं नव्हतं. त्यांनी अर्ज वाचला, वरचं आडनाव पुन्हा वाचलं. म्हणाल्या, "तेरहवीं में आ नहीं पाई, बेटा. घर में बुखार था." मग विचारलं, "आखरी तारीख कब है?" मी म्हटलं, शनिवार. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग रजिस्टरकडे बघत म्हणाल्या, "सर आज नहीं हैं. कल आना. और पहले साल की मार्कशीट की झेरॉक्स लगेगी, वो नहीं लगाई तुमने."

मी लावली नव्हती, कारण फाइलीत नव्हती. तीन असायला हव्या होत्या, दोन अर्जांना गेल्या, तिसरी नव्हती. तुझ्या फाइलीतून कागद हरवणं म्हणजे काय, हे मी तुला सांगायला नको. घरी येऊन मी सगळं उलटंपालटं केलं. मग आठवलं, त्या रविवारी कपडे वाळत घालताना तू म्हणाली होतीस, "तुझी ती झेरॉक्स मले दे जरा." मी दिली होती, कशाला ते विचारलंही नव्हतं.

काळी पर्स खिळ्यालाच होती. तुझ्यानंतर तिला कुणी हात लावलेला नाही. मी ती काढली आणि तुझ्या खाटेवर बसून उघडली. लवंगांची डबी, रुमाल, पेन्सिल. चार घड्या घातलेली माझी झेरॉक्स. आणि दोन रेल्वेची तिकिटं. दुर्ग ते नागपूर, नागपूर ते दुर्ग. दोन्ही त्या सोमवारची.

झेरॉक्सवर प्रत्येक पेपरासमोर तू पेन्सिलीने खूण केली आहेस. चार बरोबरच्या, दोन फुल्या. मागच्या बाजूला तुझं ते गोल अक्षर. "नागपूर. स्वतः विचारले. रजिस्टर पाहिले. दोन पेपर धरत नाहीत. म्हणजे पहिलं वर्ष पुन्हा. रायपूर, बुधवारी जाणे."

मी हे किती वेळा वाचलं ते सांगत नाही.

म्हणजे मी तुला ते सगळं बोलले तेव्हा तू नागपूरहूनच आलेली होतीस. आठ तास गाडीत बसून, तुझ्या लाडक्या शहरातल्या खिडकीसमोर उभी राहून, ते मला घेणार नाहीत हे ऐकून आली होतीस. तुला एका वाक्यात माझं तोंड बंद करता आलं असतं. का नाही केलंस? मी तापलेली होते म्हणून? की 'आपल्या नागपूरने' नाही म्हटलं, हे तोंडातून काढायला तुलाच एक दिवस हवा होता? मला दुसरं कारण खरं वाटतं. पण मला काय, काहीही वाटू शकतं, आणि चूक की बरोबर हे आता कोण सांगणार.

आणि भीतीही वाटते आहे, आत्या, ती सांगूनच टाकते. पाय सुजेपर्यंत तू माझ्यासाठी प्रवास केलास आणि दुसऱ्या सकाळी गेलीस. डॉक्टर म्हणाले की हे केव्हाही झालं असतं. बाबांना तू नागपूरला गेली होतीस हे ठाऊक नाही. त्यांना सांगितलं तर ते माझ्याकडे कसे पाहतील? नाही सांगितलं तर मी या घरात कशी वावरू? आणि या सगळ्याच्या खाली एक अगदी स्वार्थी गोष्ट आहे. आज साहू मॅडमनी टीसी हातात दिली असती तर मी उद्याच्या गाडीने नागपूरला जाऊन, तुझ्या नावाने, एक वर्ष घालवून बसले असते. हे मनात आलं की मी तुला थँक्यू म्हणते, मोठ्याने, रिकाम्या खोलीत. आईने मघाशी दारातून डोकावून पाहिलं.

बुधवारचं काम राहिलं आहे तुझं. ते मी उद्या करते.

शुक्रवार, संध्याकाळ.

सकाळी सातच्या गाडीने रायपूरला गेले. तुझी पर्स घेऊन गेले, माझ्या जीन्सवर ती कशी दिसत असेल ते असो. खिडकीतले गृहस्थ आधी म्हणाले, "हो जाएगा मॅडम, सब हो जाता है." मी हलले नाही. म्हटलं, रजिस्टर दाखवा. ते वैतागले, पण त्यांनी उघडलं. एकेका ओळीवर बोट ठेवून आम्ही माझे सहाही पेपर पाहिले. सगळे धरतात, फक्त एक प्रॅक्टिकल जास्तीचं द्यावं लागेल. तुझ्या फुल्यांशेजारी मी त्याच पेन्सिलीने खुणा केल्या. माझं अक्षर तुझ्याइतकं चांगलं नाही.

यादीत नाव येईलच असं नाही. जागा तीन आहेत आणि अर्ज किती, हे त्यांनी सांगितलं नाही. नाव नाही आलं तर बॉटनी. नागपूर तर मी सोडलंच. म्हणजे काळजी काही संपलेली नाही, पण आता ती कशाची आहे ते मला माहीत आहे.

परत येताना कॉलेजात गेले आणि अर्ज मागितला. साहू मॅडमनी काही न विचारता ड्रॉवर उघडून काढून दिला. रजिस्टरमध्ये चढवलाच नव्हता. मी विचारलं, "कल सर थे ना?" त्या म्हणाल्या, "थे." मग पुढच्या मुलीचा अर्ज घेतला.

संध्याकाळी बाबा चहा पीत असताना मी तिकिटं आणि झेरॉक्स त्यांच्यासमोर ठेवली आणि सगळं सांगितलं. सोमवारी तुला काय बोलले तेही. मला वाटलं, ते उठून जातील. त्यांनी तिकिटं उलटसुलट करून पाहिली, कप खाली ठेवला.

"त्या वेळेस ताईले आणाले मीच गेल्तो," ते म्हणाले.

मला कळेना, कुठल्या वेळेस.

"आबा पडले तेव्हा. मी सोळा वर्षांचा. माय म्हणे, ताईले घेऊन ये आन् टीसीबी काढून आण, परत परत कोण जाईन. ताई म्हणून राहिली होती, आज राहू दे, उद्याच्या दिवस पाहू. मीच आयकलं नाही. मले चारची गाडी पकडाची होती." त्यांनी तिकिटं पुन्हा हातात घेतली. "तिथल्या क्लार्कनं काहीच नाही इचारलं. साहेब आतच होते. पंधरा मिनटात सही करून देल्ली."

"मग?"

"मग का. वीस दिवसांत आबा काठी घेऊन अंगणात फिरून राहिले होते. ताईनं चिठ्ठी धाडली, तं जागा भरली होती." त्यांनी झेरॉक्सच्या तशाच चार घड्या घातल्या. "मले कधी एका शब्दानं नाही बोलली ते."

मग त्यांनी सगळं तुझ्या पर्समध्ये ठेवलं, पर्स खिळ्याला अडकवली, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून आत गेले.

चौतीस वर्षं तू लोकांना साहेब नाहीत असं का सांगत होतीस, ते मला आज कळलं. त्या दिवशी नागपूरचे साहेब जागेवर नसते तर तू तिथेच शिकली असतीस, तुझ्या आवडीचा विषय शिकली असतीस, बहुतेक तिथेच राहिली असतीस. आणि मला तू मिळाली नसतीस. यातलं काय व्हायला हवं होतं, ते मला आज विचारू नकोस, आत्या. उद्या सांगते.